एकलाचे मनोरे आणि आपली बुधवारची रात्र

कोलंबोहून नेगोंबोच्या रस्त्याला लागलं की जा-एलाजवळ एकला नावाचं गाव लागतं. मराठी कानाला हे नाव जरा एकटंच वाटतं. तिथलं लघुलहरी प्रक्षेपण केंद्र पाहायला आम्ही गेलो होतो. उंच मनोरे, त्यांच्यात ताणलेल्या तारा, खाली वाढलेलं गवत. एवढंच. पण तुमच्यातल्या साठीपुढच्या मंडळींनी या तारांमधून निघालेला आवाज ऐकलेला आहे. हेच ते रेडिओ सिलोन!

आता हे उभं का राहिलं? गाण्यांसाठी नव्हे, युद्धासाठी. 1944 मध्ये माउंटबॅटन यांचं आग्नेय आशियाचं लष्करी मुख्यालय कँडीला आलं. या भागात लढणाऱ्या सैनिकांसाठी ‘रेडिओ सीॲक’ सुरू झालं. त्यासाठी 100 किलोवॉटचा मोठा प्रक्षेपक मागवला. तो चालू झाला 1946 मध्ये, म्हणजे जपानने शरणागती पत्करल्यानंतर. यंत्र आलं आणि श्रोते घरी निघाले! पुढे सिलोन स्वतंत्र झाल्यावर हे सगळं तिथल्या सरकारकडे आलं.

मग या यंत्राला नवे श्रोते कुणी मिळवून दिले? काही अंशी आपल्याच एका मराठी माणसाने. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा आग्रह. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई सिलोनवर नेली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि बुधवारी रात्री तोच आवाज समुद्रावरून पुन्हा मुंबईत उतरायचा. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

इतक्या लांबून हे ऐकू कसं यायचं? लघुलहर वर जाते, आयनांबरावरून वळते आणि शेकडो किलोमीटर पलीकडे खाली येते. मधल्या पट्ट्याच्या ती डोक्यावरूनच निघून जाते. त्यामुळे केंद्राच्या जवळचा माणूस कोरडा राहू शकतो, आणि दीड हजार किलोमीटरवरच्या मुंबईत गाणं पोचतं. आयनांबर दिवसरात्र बदलतं, म्हणून आवाज कधी भरून यायचा, कधी लाटेसारखा ओसरायचा. गीतमालेचं पहिल्या नंबरचं गाणं लागावं आणि नेमकं तेव्हाच खरखर सुरू व्हावी, हे दुःख ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक!

आज लघुलहरींचे दिवस सरत आलेत. वीज भरमसाट लागते, जुन्या यंत्रांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि श्रोता एफएमकडे, मोबाईलकडे गेला. यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही.

पण त्या मनोऱ्यांखाली उभं असताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. किल्ला पाहिला की बुरुजावर तोफेच्या खुणा सापडतात. प्रक्षेपकावर गाण्याची खूण राहत नाही. त्याने काय पाठवलं, ते त्याच्यात उरतच नाही. या केंद्राचा निम्मा इतिहास श्रीलंकेत नाहीच. तो आपल्याकडच्या माजघरांत, हॉटेलांच्या बाकड्यांवर आणि चाळींच्या गॅलऱ्यांत आहे. रेडिओचा परवाना पोस्टात कुणी काढला, आठ वाजायच्या आत सैगलचं गाणं लागलं की शाळेला कोण पळायचं, फर्माइशीची कार्डं कुणी लिहिली, गीतमालेचे क्रमांक वहीत कुणी टिपून ठेवले, हे सगळं अजून माणसांच्या आठवणीत आहे. आणि ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

मनोरे वाचवणं आपल्या हातात नाही. वह्या मात्र आपल्या माळ्यावर आहेत. तेव्हा आज घरी गेल्यावर आजीला, मामांना एवढंच विचारा, ‘सिलोन कुठे बसून ऐकायचात?’ ते सांगतील ते लिहून घ्या, तारीख घाला. रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी ती वही एकदा उघडून बघा.