प्रश्न ते हुकूम: नेक्रोमॅन्सरची फौज आली कुठून?

आपण इथे नेहमी राजे, लढाया, तह यांच्याबद्दल बोलतो. आजही एका सैन्याबद्दलच बोलायचंय, पण या सैन्याला पगार नाही, रसद नाही आणि त्यातला एकही सैनिक जिवंत नाही.

ज्यांनी 'डायब्लो २' खेळलाय त्यांना कळलंच असेल. तो जून २००० मध्ये आला. त्यात खेळाडूला पाच पात्रांमधून एक निवडता यायचं आणि त्यातला एक होता नेक्रोमॅन्सर: पांढऱ्या केसांचा, हडकुळा, हातात हाडाची कांडी. तो स्वतः फारसा लढत नाही. मेलेल्या शत्रूच्या प्रेतातून सांगाडा उठवतो आणि त्याला पुढे पाठवतो. त्याच्यानंतर आलेल्या कित्येक ॲक्शन रोल-प्लेइंग गेम्समध्ये हे पात्र कुठल्या ना कुठल्या नावाने आलंच.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे या गेममधली आकडेमोड मला आधी दिसली. मग एक दिवस सहज 'नेक्रोमॅन्सी' या शब्दाचा मूळ अर्थ बघितला आणि अडकलो. ग्रीक भाषेत 'नेक्रोस' म्हणजे मेलेला आणि 'मांतेइया' म्हणजे भविष्यकथन. थोडक्यात, मेलेल्याला प्रश्न विचारून उत्तर मिळवणं. या शब्दात सैन्य कुठेच नाही, हुकूमही नाही. मग हा विचारणारा माणूस सेनापती कधी झाला? आजचा भाग त्याबद्दलच.

आधी फक्त विचारायचे

होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस मृतांच्या देशाच्या सीमेवर जातो, खड्डा खणतो, मेंढ्यांचं रक्त त्यात सोडतो. ते रक्त पिऊन मृत बोलू लागतात. त्याला टायरेसियस या द्रष्ट्याकडून घरी जायची वाट हवी असते. बायबलच्या जुन्या करारात राजा सौल लढाईच्या आदल्या रात्री एन्दोरच्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलावून घेतो. त्यालाही उत्तरच हवंय. दोन्हीकडे गरज जिवंत माणसाला आहे आणि वरचढ आहे तो मेलेला. शमुवेल तर आल्या आल्या सौललाच सुनावतो: मला का त्रास दिलास?

आता सर्वांत महत्त्वाचा संदर्भ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लूकन नावाच्या रोमन कवीने सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवी युद्धावर महाकाव्य लिहिलं. त्यात एरिक्थो नावाची भयंकर चेटकीण आहे. पॉम्पीचा मुलगा तिच्याकडे युद्धाचा निकाल विचारायला येतो. ती पडलेल्या सैनिकांमधून एक प्रेत निवडते आणि उठवते. तिथे लूकन जाता जाता सांगून जातो की तिने मनात आणलं असतं तर रणांगणावरच्या सगळ्याच्या सगळ्या मेलेल्या फौजा तिने पुन्हा लढाईला उभ्या केल्या असत्या.

म्हणजे बघा, प्रेतांच्या फौजेची कल्पना जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी सुचली होती. सुचली आणि तशीच सोडून दिली. तिला उत्तर हवं होतं, त्यासाठी एक प्रेत पुरेसं होतं. त्यातही ती त्या सैनिकाला वचन देते: खरं सांग, पुन्हा तुला कुणीही उठवू शकणार नाही अशी व्यवस्था मी करते. काम झाल्यावर ती चिता रचते आणि त्याला जाळते. तो करार ती पाळते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडची वेताळ पंचविशी आठवा. तिथे तर उलटाच प्रकार! प्रश्न प्रेतात शिरलेला वेताळ विचारतो आणि उत्तरं राजाने द्यायची. ज्याच्या सांगण्यावरून राजा ते प्रेत आणायला निघालाय तो साधू मात्र आपल्या आजच्या माणसाचा सख्खा भाऊ. त्याला साधनेतून सत्ता हवी आहे. 'कथासरित्सागरा'त शेवटी वेताळाच्याच सल्ल्यावरून राजा त्याला मारतो. मेलेल्यांच्या जोरावर सत्ता मिळवू पाहणारा तिथे खलनायक आहे.

मग मेलेले कामाला लागले

मृतांकडून काम करून घेण्याची कल्पना आजच्या पॉप कल्चरमध्ये पोहोचली ती प्रामुख्याने हैतीमधून. फ्रेंचांच्या काळात तिथे उसाचे मळे होते आणि त्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. १७९१ मध्ये उठाव झाला, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोकसमजुतीतला झोम्बी माणसं खात नाही. तो कबरीतून उठवलेला, इच्छा काढून घेतलेला मजूर असतो. त्यामागची भीती अभ्यासकांनी नेमकी मांडली आहे: मरण आलं की निदान सुटका होईल, ही गुलामाची शेवटची आशा, आणि झोम्बी झालात की तीही गेली.

१९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्य हैतीमध्ये होतं. त्याच काळात विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाचं 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक १९२९ मध्ये आलं. त्यात उसाच्या शेतात राबणाऱ्या मेलेल्या माणसांची गोष्ट आहे. १९३२ मध्ये 'व्हाइट झोम्बी' हा सिनेमा आला. त्यातल्या साखर कारखान्यात झोम्बी घाणा फिरवतात. एक जण त्यात पडतो, तरी घाणा थांबत नाही.

त्याच १९३२ साली 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात क्लार्क ॲश्टन स्मिथची 'द एम्पायर ऑफ द नेक्रोमॅन्सर्स' ही कथा आली. दोन मांत्रिक एका संपलेल्या साम्राज्यातली सगळी प्रजा उठवतात आणि तिला नोकर बनवून ऐषारामात राहतात. आजचा गेममधला नेक्रोमॅन्सर इथे जवळजवळ तयार आहे. फक्त या कथेत मेलेल्यांना हळूहळू स्मृती येते आणि ते बंड करतात.

सांगाड्यांच्या फौजेचं चित्र मात्र सिनेमाने पक्कं केलं. १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मध्ये रे हॅरीहाउझेनने सात सांगाडे तलवारी घेऊन नाचवले. एकेक फ्रेम हाताने हलवत. काही मिनिटांच्या त्या प्रसंगाला चार महिन्यांहून जास्त वेळ लागला. मूळ ग्रीक कथेत ड्रॅगनचे दात पेरल्यावर जमिनीतून हत्यारबंद जिवंत योद्धे उगवतात. सांगाडे आणले हॅरीहाउझेनने.

आणि त्याचा नियम झाला

१९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ आला. त्यात मृतांना उठवण्याचा मंत्र होता आणि जादूगार जितका वरच्या पातळीचा, तितके जास्त सांगाडे. एका झटक्यात भीतीचा हिशेब झाला! पुढे कॉम्प्युटरवर १९९४ च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये ऑर्कांचा नेक्रोलाइट पडलेल्यांचे सांगाडे उठवायचा. पहिल्या 'डायब्लो'त सांगाड्यांचा राजा लिओरिक मारून टाकलेले सांगाडे पुन्हा उभे करायचा, पण तो शत्रू होता. 'डायब्लो २'ने तीच शक्ती खेळाडूच्या हातात दिली.

आता ही फौज चालते कशी ते बघू.

पहिली अट म्हणजे प्रेत लागतं. मैदान रिकामं असेल तर नेक्रोमॅन्सर एकटाच. पहिला बळी स्वतः घ्यायचा, मग त्याचा सांगाडा, मग सांगाड्याने दुसरा बळी घ्यायचा, असं चक्र सुरू होतं. पण त्याच प्रेताचा स्फोटही करता येतो आणि त्यात आजूबाजूचे शत्रू उडतात. एकच प्रेत: सैनिक करायचा की बॉम्ब? खरी मजा या निर्णयात आहे. जोडीला शाप. एका शापाने शत्रूला बसणारा मार साधारण दुप्पट होतो. म्हणजे सेनापती मागे उभा राहून शाप टाकतो, प्रेतं मोजतो आणि फौज लढते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा जाणवली. प्रेत कशाचंही असो, काटेरी उंदराचं किंवा राक्षसाचं, उठतो तो सारखाच मानवी सांगाडा. मेलेला कोण होता याला किंमत शून्य. 'रिव्हाइव्ह' नावाच्या वरच्या कौशल्याने उठवलेला प्राणी मात्र स्वतःच्या मूळ रूपात येतो, पण फक्त तीन मिनिटांसाठी. ओळख राहिली तर नोकरी तात्पुरती, ओळख पुसली तर कायम!

तिसरी गोष्ट म्हणजे हुकूम. गंमत अशी की 'डायब्लो २'मध्ये सांगाड्यांना थेट हुकूम देताच येत नाही. ते तुमच्या मागे चालतात आणि दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. दुसऱ्या अंकात 'मॅगट लेअर' नावाचं अळ्यांचं बीळ आहे. तिथले बोगदे इतके अरुंद की एकामागे एकच जण मावतो. तिथे तुमची जगज्जेती फौज रांगेत अडकते, सगळ्यात पुढचा एकटा लढतो आणि बाकीचे मागे खुळखुळत उभे. आपल्याकडे लोकल पकडणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

२००३ च्या १.१० पॅचने आकडा बदलला. त्याआधी कौशल्याच्या दर गुणामागे एक सांगाडा मिळायचा: वीस गुण, वीस सांगाडे, शिवाय तितकेच जादूगार सांगाडे. पॅचनंतर पहिले तीन गुण तीन सांगाडे देतात, पुढे दर तीन गुणांना एक. म्हणजे वीस गुणांना आठ. पण कौशल्यं एकमेकांना बळ देऊ लागली आणि ते आठ जण आधीच्या वीसांना भारी पडले. गर्दी संपली, तुकडी आली.

'डायब्लो ३' २०१२ मध्ये आला तेव्हा नेक्रोमॅन्सर नव्हताच. त्याच्या जागी विच डॉक्टर होता, झोम्बी कुत्रे पाळणारा. त्याच्या रूपावर वूडूच्या सिनेमाई प्रतिमेची छाप उघड दिसते. हैती पुन्हा आलं, पण उसाच्या मळ्याशिवाय. २०१७ मध्ये नेक्रोमॅन्सर परत आला तेव्हा त्याला थेट हुकूम मिळाला: बटण दाबा, बोट दाखवाल त्या शत्रूवर सांगाडे धावतील. सांगाडे किती? सात. हॅरीहाउझेनचे होते तितकेच!

आणि २०२३ च्या 'डायब्लो ४'मध्ये शेवटचं पाऊल पडलं. तिथे 'बुक ऑफ द डेड' आहे. त्यात फौजेचा प्रकार निवडता येतो किंवा फौजेचा त्याग करता येतो. त्याग केलात की ते सैनिक उठत नाहीत आणि बदल्यात सेनापतीची स्वतःची ताकद कायमची वाढते.

मग हरवलं काय?

या सगळ्या प्रवासात दोन गोष्टी गळाल्या. एक प्रश्न आणि दुसरी भीती.

आता कुणी मेलेल्याला काही विचारत नाही. एरिक्थोने सैनिकाशी करार केला होता. स्मिथच्या प्रेतांनी बंड केलं. आपल्याकडच्या गोष्टीतलं भूतसुद्धा मालकाला सुखाने बसू देत नाही: "काम दे, नाहीतर तुला खातो!" शेवटी मालक त्याला खांबावर चढ-उतर करत राहायला सांगतो. आमच्या भाषेत हा सरळसरळ अनंत लूप. पण त्या गोष्टीतही राबवणाऱ्याला धाक आहे. गेममधला सांगाडा कधी मागे वळून बघत नाही. गेम बंद केला की फौज नाहीशी आणि दुसऱ्या दिवशी नव्या प्रेतांमधून नवी भरती.

म्हणून गेम वाईट, असं मी म्हणणार नाही. मला तो आवडतो आणि प्रेताचा सैनिक करायचा की बॉम्ब हा निर्णय आजही डिझाइनचा उत्तम नमुना वाटतो. पण मी ज्या धंद्यात आहे तिथे मीटिंगमध्ये माणसांना 'रिसोर्स' म्हणतात. "दोन रिसोर्स वाढवा, एक रिसोर्स काढा." नाव, गाव, कोण कशात हुशार, काहीच नाही. काटेरी उंदीर असो की राक्षस, सांगाडा सारखाच. हा इतिहास वाचल्यापासून तो शब्द ऐकला की मला साखर कारखान्यातला तो घाणा आठवतो.

न थकणारा, न विचारणारा, नकार न देणारा मजूर हे फार जुनं स्वप्न आहे, आणि ते नेहमी मालकाचं असतं. गुलामाच्या बाजूने तीच गोष्ट सांगितली की तिची भयकथा होते. हैतीच्या लोकांना हे ठाऊक होतं, कारण ते त्या घाण्यापाशी उभे होते.

तर मंडळी, पुढच्या वेळी आठ सांगाडे मागे घेऊन निघालात की जरूर लढा, जिंका. फक्त एखाद्याकडे क्षणभर बघा आणि मनातल्या मनात विचारा: बाबा रे, तू कोण होतास? शब्दाचा मूळ अर्थ तेवढ्यापुरता तरी पाळला जाईल.

तुम्ही कुठल्या गेममध्ये अशी फौज चालवली आणि ती कुठल्या बोगद्यात अडकली, ते खाली लिहा. पुढच्या भागात भेटूच.