कस्तुरी वगळून

मागच्या पावसाळ्यात सुनेनं घरात डिफ्यूझर आणला. वाटीएवढं यंत्र. त्यात पाणी आणि वाळ्याच्या तेलाचे चार थेंब. थोड्या वेळात बैठकीच्या खोलीतला कुबट वास गेला आणि माठातल्या पाण्यासारखा गार वास आला. "आई, शंभर टक्के नैसर्गिक आहे हं," ती कौतुकानं म्हणाली. मी म्हटलं, "नैसर्गिक तर कस्तुरीही असते." ती हसली आणि कामाला लागली. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही.

आमच्या सासूबाई लग्नकार्यात अत्तराची कुपी पुढं आली की नुसत्या हात जोडायच्या. "यात काय घातलंय ते कोण सांगणार?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही नव्या सुना तोंड लपवून हसायचो. त्या मुळीच चुकत नव्हत्या, हे मला जुन्या सुगंधशास्त्राची पुस्तकं चाळताना कळलं.

त्यातली दोन पुस्तकं आपल्या वडोदऱ्यातच छापली गेली, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? पहिलं 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा ग्रंथ 1130 च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि त्याचा पहिला खंड 1925 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. राजानं काय खावं, कसं न्हावं, काय नेसावं, सगळं त्यात आहे, आणि राजवाड्यात धूप कसा घालावा हेही आहे. न्हाण्याच्या तेलाची रीत तर वाचावी अशी. आधी तीळच फुलांच्या थरांत ठेवायचे, फुलं कोमेजली की बदलायची, आणि तिळांत वास पुरता मुरला की मग ते गाळायचे. म्हणजे तेलाला वास लावायचा नाही, वासाचंच तेल काढायचं.

धुपाच्या यादीपाशी मी थांबले. राळ, गुग्गुळ, कापूर, चंदन, जटामांसी, केशर, गूळ, तूप इथपर्यंत सगळं घरचं वाटतं. पण त्याच यादीत लाख आहे, मध आहे, नख आहे आणि कस्तुरी आहे. नख म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीच्या शंखाचं झाकण. नखला म्हणतात तोच. लाख किड्यांची. कस्तुरी कुठून येते ते सांगायला नको.

आता गंमत पाहा. सोमेश्वर कल्याणीला राज्य करत होता त्याच काळात इकडे गुजरातेत आचार्य हेमचंद्र होते. कुमारपाळ राजासाठी लिहिलेल्या 'योगशास्त्रा'त त्यांनी श्रावकानं कोणते व्यापार करू नयेत याची यादी दिली आहे. हस्तिदंत, केस, नखं, हाडं, कातडी यांचा व्यापार नको. लाखेचा नको. मधाचा नको. आपण बहुतेक दिगंबर घरातल्या, हेमचंद्र श्वेतांबर. पण या बाबतीत दोन्ही घरांची स्वयंपाकघरं एकच बोलतात. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की राजाच्या धुपातून चार-पाच वस्तू गळतात. उरतं ते काही कमी नाही.

दुसरं पुस्तक मला जास्त जवळचं. गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्याच जोडीला, लेखकाचं नाव नसलेला 'गंधवाद'. दोन्ही एकाच हस्तलिखितात होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, आणि पुढं 1989 मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं ते छापलं. गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे! संस्कृत न येणाऱ्या कुणाला तरी हे सगळं समजावून सांगायची गरज त्या काळी पडली होती. तो कोण असेल? गांधी असेल, वैद्य असेल. माझ्या मनात येतं, त्याच्या घरातली बाई असेल. याला पुरावा काही नाही, पण कांडप कुणी केलं असणार?

गंधसारात सुगंधाचे सहा संस्कार सांगितले आहेत. चूर्ण द्रवात पुन्हा पुन्हा भिजवायचं, ती भावना. पानांत गुंडाळून मंद आचेवर शिजवायचं, ते पाचन. बोध आणि वेध म्हणजे तयार मिश्रणात एखादं तीव्र द्रव्य घालून त्याला जागं करायचं. कस्तुरीची खरी जागा इथं, पण कापूरही तेच काम करतो. मग धुरी द्यायची, ते धूपन. आणि फुलांच्या सहवासात नुसतं ठेवून द्यायचं, ते वासन. आता सांगा, बाळाच्या दुपट्याला धुरी देणं, साडीच्या घडीत केवड्याचं पान ठेवणं, ही शास्त्राची नावं माहीत नसताना आपण करतच आलो ना?

अत्तराचं पुढचं प्रकरण कनौजचं. तिथं तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. इथपर्यंत सगळं वनस्पतींचं. पण अत्तरातला पाण्याचा अंश जावा म्हणून ते भरून ठेवायची ती जुनी कुप्पी असते चामड्याची. सासूबाईंना कनौज ठाऊक नव्हतं. हात मात्र बरोबर जोडले जायचे.

म्हणून मी सुनेला सांगितलं, तुझं तेल चालेल; पण बाटलीवर झाडाचं नाव आहे का ते बघ, नुसतं 'फ्रेग्रन्स' लिहिलं असेल तर ठेवून ये. लिंबा-संत्र्याच्या सालीचं तेल लवकर उडतं, वाळ्याचं जड, ते दिवसभर रेंगाळतं. दोन्ही मिसळली तर छान जमतं.

हे सगळं मी चुलत सासूबाईंना रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळा म्हणजे मूळच ना गं? रोप उपटूनच काढतात ना?" नागरमोथा मूळ, कचोरा कंद, चंदनाचं तर झाडच जातं. खायचा नियम वासालाही लावायचा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला बकुळ आहे. तिची फुलं तोडावी लागत नाहीत, पहाटे आपणच खाली पडतात आणि सुकली तरी वास सोडत नाहीत. सध्या मी ती वेचून आणते आणि कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवते. डिफ्यूझर सुनेच्या खोलीत आहे.