दिवाणी दावा

दिवाणी दावा : मालमत्ता, करार, पद, प्रतिष्ठा अथवा अन्य कायदेशीर हक्क यांचा भंग झाला असता, किंवा भंगाचा धोका उत्पन्न झाला असता, हक्काची प्रस्थापना, ताबा, मनाईहुकूम वा नुकसानभरपाई मिळावी म्हणून वादीने प्रतिवादीविरुद्ध दिवाणी न्यायालयात चालविलेली कारवाई. फौजदारी खटल्यात राज्यसंस्था अपराध्यास शासन करू पाहते. दिवाणी दाव्यात हिरावलेले परत देवविणे हाच हेतू असल्यामुळे निःसंशय पुराव्याची अपेक्षा नसते, संभाव्यता ज्या बाजूस अधिक तिकडे निकाल जातो. मात्र हक्क सांगणाऱ्यानेच तो शाबीत केला पाहिजे, आणि दिवाणी दाव्याची सारी प्रतिष्ठा या नियमात आहे.

भारतात १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता या दाव्यांचे नियमन करते. वादपत्र, कैफियत, मुद्द्यांची निश्चिती, साक्षीपुरावा व हुकूमनामा हा त्यांचा क्रम होय. मुदत १९६३ च्या कायद्याने ठरते : मालकीच्या आधारे स्थावराचा ताबा मागण्यास १२ वर्षे, करारभंगाच्या भरपाईस ३ वर्षे, मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी फेटाळावा लागतो. हुकूमनामा मिळाल्यावरही प्रतिवादी तो पाळीत नसेल, तर दरखास्त देऊन जप्ती, लिलाव आदी मार्गांनी बजावणी करून घ्यावी लागते. दावेदाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनाम्यानंतर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नमूद केले होते, आणि ही व्यथा अद्याप निवारली गेलेली नाही.

हक्काच्या शाबितीचे महत्त्व महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याइतके क्वचितच अन्यत्र दिसते. नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केलेला असताना, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी तेथील पाणी प्याल्यानंतर, काही सवर्णांनी हे तळे केवळ स्पृश्यांचे आहे असे ठरवून मागण्यासाठी दावा लावला, त्यात आंबेडकरांस प्रतिवादी केले व तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. न्यायालयाचा मान राखून आंबेडकरांनी डिसेंबरमधील नियोजित सत्याग्रह तहकूब केला. जी वहिवाट समाजात स्वयंसिद्ध मानली जात होती, तिला आता साक्षीपुराव्याच्या कसोटीस उतरणे भाग पडले. वादींचा दावा खालच्या न्यायालयांत टिकला नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही, तळ्यापासून अस्पृश्यांना वर्ज्य ठेवण्याची अनादिकालीन रूढी वादींस शाबीत करता आली नाही, असा निर्णय देऊन त्यांचे अपील फेटाळले.