गुलमोहर

गुलमोहर : (हिं. गुलमोहर, लॅ. डेलोनिक्स रेजिया, कुल–लेग्युमिनोजी). सु. ९–१५ मी. उंचीचा हा शोभिवंत पानझडी वृक्ष मूळचा मादागास्कर बेटातील आहे. महाराष्ट्रात तो इतका रुळला आहे की, त्याचे परकीयत्व सहसा ध्यानात येत नाही. तथापि संतांच्या अभंगांत त्याचा उल्लेख असणे शक्यच नाही. वेन्सेस्लास बॉयर या वनस्पतिविज्ञांना तो मादागास्करमध्ये आढळला आणि १८२९ मध्ये विल्यम जॅक्सन हुकर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो १८४० च्या सुमारास मुंबईतील शिवडी येथे प्रथम आला, असे मानतात. बियांपासून सुलभ लागवड, जलद वाढ आणि ऐन उन्हाळ्यातील लालभडक फुलोरा यांमुळे तो पुढे बागांत व रस्त्यांच्या कडेने सर्वत्र पसरला. सातारा येथे १९९९ पासून १ मे हा ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा होऊ लागला.

मराठवाड्यातील गावांची नावे याहून जुनी आहेत. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी) याच्या नावात पिंपळ आहे, अन्यत्र वडगाव, पळसखेडा ही नावे आढळतात. गुलमोहर मात्र भेटतो तो शहरांतील नव्या वसाहतींच्या नावांत.

या वृक्षाला भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते. अवर्षण तो बऱ्यापैकी सोसतो. बियांचे कवच कठीण असल्याने त्या गरम पाण्यात भिजवून पेरतात. गोदावरी खोऱ्यातील भारी काळी जमीन मात्र उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. गुलमोहराची मुळे उथळ व पसरट आणि लाकूड ठिसूळ असल्याने अशा जागी वादळात फांद्या मोडतात, कधी झाडच उन्मळते. म्हणून घर, भिंत किंवा शाळेच्या अंगणालगत तो लावू नये. त्याच्या दाट सावलीत व मुळांच्या जाळ्यात इतर झाडे नीट वाढत नाहीत. लाकूड जळणापलीकडे फारसे उपयोगी नाही.

उलट, पळस हा काळ्या, पाणथळ जमिनीतही तग धरतो. त्याच्या फुलांपासून रंग, पानांच्या पत्रावळी व द्रोण आणि फांद्यांवर लाख मिळते. बहाव्याच्या शेंगांतील गर सारक आहे, तर पांगारा फांद्या खोचून कुंपणाला लावता येतो. हे तिन्ही वृक्ष फुलांच्या शोभेत गुलमोहराला उणे नाहीत; परंतु पळस सावकाश वाढतो आणि रोपे लावणाऱ्यांना बहुधा तेवढा धीर नसतो.