आउटलँडर कादंबरीमालिका : प्रेरणा आणि वस्तू

आउटलँडर ही अमेरिकन लेखिका डायना गॅबाल्डन यांची कालप्रवासावर आधारित इंग्रजी कादंबरीमालिका आहे. तिची पहिली कादंबरी इ.स. १९९१ मध्ये, तर नववी इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका असलेली क्लेअर रँडल स्कॉटलंडमधील एका शिलावर्तुळातून इ.स. १७४३ मध्ये जाऊन पोहोचते आणि तेथे जेमी फ्रेझर या तरुणाशी तिचा विवाह होतो, हे मालिकेचे मूळ कथासूत्र होय. कथेत कालप्रवासाचे यंत्र कोठेही येत नाही. शिळा, रत्ने, पत्रे व छायाचित्रे याच वस्तू दोन काळांना जोडतात.

लेखनाचा आरंभ

गॅबाल्डन यांचे शिक्षण प्राणिशास्त्र, सागरी जीवशास्त्र व परिस्थितिकी या विषयांत झाले असून त्या ॲरिझोनातील विद्यापीठात अध्यापन करीत होत्या. इ.स. १९८८ मध्ये, प्रकाशनाचा हेतू न ठेवता, केवळ सराव म्हणून त्यांनी कादंबरी लिहावयास घेतली. संदर्भ शोधण्याची सवय असल्याने ऐतिहासिक कादंबरी त्यांना सोयीची वाटली. तोपर्यंत त्यांनी स्कॉटलंड पाहिलेले नव्हते. पहिल्या कादंबरीतील स्कॉटलंड प्रामुख्याने ग्रंथालयातील पुस्तकांतून उभे राहिले.

प्रेरणा

डॉक्टर हू या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील ‘द वॉर गेम्स’ (१९६९) ही कथा त्यांच्या पाहण्यात आली. तीत जेमी मॅक्रिमन हा किल्ट परिधान केलेला स्कॉटिश तरुण आहे. किल्ट म्हणजे कमरेभोवती गुंडाळावयाचे, चौकटींच्या नक्षीचे लोकरी वस्त्र. या प्रतिमेवरून कथेचा देश व काळ ठरला आणि नायकाला जेमी हे नाव मिळाले. क्लेअर मात्र आरंभी कालप्रवासी नव्हती. लेखिकेने सांगितल्यानुसार, हे पात्र अठराव्या शतकातील स्त्रीसारखे बोलेना, म्हणून तिला आधुनिक काळातून आणावे लागले.

फ्रेझर हे आडनाव इतिहासाच्या वाचनातून आले. दि. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट पक्षाचा सुमारे तासाभरात पराभव झाला. एरिक लिंक्लेटर यांच्या ‘द प्रिन्स इन द हेदर’ या पुस्तकातील वृत्तांतानुसार, लढाईनंतर एका शेतघरात आश्रय घेतलेल्या जखमी अधिकाऱ्यांना बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतून फ्रेझर पथकातील एकच जण वाचला. आपला नायक या लढाईतून जिवंत राहावयाचा असेल, तर तो फ्रेझरच असला पाहिजे, असे लेखिकेने ठरविले.

कथेतील वस्तू

क्रेग ना डून हे कथेतील शिलावर्तुळ काल्पनिक आहे. तथापि स्कॉटलंडमध्ये अशी प्रागैतिहासिक वर्तुळे अनेक ठिकाणी आढळतात. कलोडनजवळील क्लावा येथील दफनस्थळे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची असून त्यांच्याभोवती उभ्या शिळा आहेत.

दुसऱ्या कादंबरीचे शीर्षक क्लेअरला विवाहाची भेट म्हणून मिळालेल्या, चतुर अडकलेल्या अंबराच्या खड्यावरून आले आहे. तिसऱ्या कादंबरीत क्लेअर आपल्या मुलीची छायाचित्रे जेमीकडे नेते, आणि ज्या मुलीला त्याने कधी पाहिले नाही ती त्याला प्रथमच दिसते. चौथ्या कादंबरीत, क्लेअर व जेमी आगीत मरण पावल्याची जुन्या वर्तमानपत्रातील बातमी वाचून मुलगी त्यांच्या शोधार्थ भूतकाळात जाते. पुढे ती बातमीच चुकीची ठरते. म्हणजे भूतकाळाचा पुरावा वाटणारी वस्तूही दिशाभूल करू शकते, हे सूत्र कथेत गुंफलेले आहे.

प्रत्यक्ष स्थळांवरील परिणाम

कलोडनच्या रणभूमीवर कुळांची नावे कोरलेल्या शिळा इ.स. १८८१ मध्ये, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी, बसविण्यात आल्या. इ.स. २०१४ मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू झाल्यावर फ्रेझर शिळेपाशी वाचक व प्रेक्षकांची गर्दी वाढली. अनेक जण काल्पनिक जेमीसाठी तेथे फुले ठेवू लागले. पायांखाली भोवतालची जमीन झिजू लागल्याने तेथे दोरीचे कुंपण घालावे लागले. हे स्थळ युद्धातील मृतांची दफनभूमी असल्याने कथेचे आकर्षण व मृतांविषयीचा आदर यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आहे. दुसरीकडे, एरवी कलोडनचे नावही ठाऊक नसलेले अनेक जण या कादंबऱ्यांमुळेच त्या इतिहासाकडे वळले.