तळहाताखालची गिरणी

पिल्लाच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला तळहात ठेवला की हृदयाचे ठोके लागतात. टिंगीच्या, आमच्या पामेरियन पिल्लाच्या, छातीवर ठेवला तेव्हा लागली ती घरघर. लहानपणी आईबरोबर भात भरडायला जायचो, तेव्हा गिरणीच्या दाराला हात टेकला की आतलं इंजिन असंच हाताला लागायचं. चढायचं, उतरायचं, पण थांबायचं नाही.

तेव्हा मी पशुधन पर्यवेक्षक होतो. सगळी नोकरी म्हशींची अडकलेली वार आणि शेळ्यांचे जंत यांत गेलेली. कुत्र्याचं हृदय हा आमचा विषयच नव्हता. जवळच्या एका डॉक्टरने कॅल्शियमची बाटली लिहून दिली आणि "पामेरियन नाजूकच असतात" म्हणून वाटेला लावलं. बायको माझ्यापेक्षा शहाणी. म्हणाली, "अहो, ही जेवता जेवता दम खायला थांबते. हिला परळच्या जनावरांच्या रुग्णालयात न्या."

आमच्या चांदीपहून शिरसाड फाटा, तिथून विरार, आणि पुढे लोकलच्या मालडब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी टिंगीची टोपली. परळला एका वयस्क डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि मलाही ऐकवलं. म्हणाले, "पीडीए. जन्मतः आहे."

गर्भात पिल्लाची फुप्फुसं बंद असतात. म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं रक्त एका आखूड नळीतून परस्पर महाधमनीत जातं, बांध फोडून पाण्याला आडवाट द्यावी तसं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही वाट बुजते. काही पिल्लांची बुजत नाही, तोच पीडीए. मग रक्त उलट्या दिशेने पुन्हा फुप्फुसात शिरतं, डावं हृदय तेच ते पाणी उपसत राहतं आणि फुगतं. ती घरघर एडिंबरोच्या गिब्सन यांनी माणसांत ऐकून 1900 साली नोंदवली. पुस्तकात तिला 'यंत्राचा आवाज' म्हणतात. पुस्तक लिहिणाऱ्यांनीही कुठली तरी गिरणी ऐकली असणार.

त्या दिवशी परळच्या आचार्य दोंदे मार्गावर टोपली घेऊन उभा होतो, तेव्हा नुसती गर्दी दिसली. आता त्या रस्त्याकडे निराळं बघतो. मुंबईत कुत्र्यांसाठी आधी दंगल झाली, दवाखाना नंतर आला. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा 6 जून 1832 रोजी पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान असतो. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरापोळ काढली. परळला दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय उभारलं ते 1883 मध्ये. 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. पण अभ्यास कोणाचा? घोड्याचा आणि बैलाचा. मुंबईची ट्रामसुद्धा तेव्हा घोडे ओढत होते. घोडा बसला की धंदा बसला. कुत्र्याच्या हृदयावाचून कोणाचं काय अडणार होतं?

नंतर त्याच रस्त्यावर माणसांचं केईएम रुग्णालय आलं, 1926 मध्ये, आणि लहान मुलांचं वाडिया 1929 मध्ये. केईएमच्या प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये माणसाचं हृदय बदललं. रुग्ण काही तासच जगला, पण ती शस्त्रक्रिया जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी होती. तिच्याआधी वर्षानुवर्षं सेन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हात बसवणं चाललं होतं. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांची हृदयं उघडली जात होती, पण ती माणसासाठी.

जगभर हेच. बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी आधी कुत्र्यांवर सराव केला आणि 26 ऑगस्ट 1938 रोजी सात वर्षांच्या मुलीची हीच वाट दोऱ्याने बांधली. विभागप्रमुख तेव्हा सुट्टीवर होते! बाल्टिमोरमध्ये व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया कुत्र्यांवर बसवली, मग 1944 मध्ये ती बाळावर झाली. थॉमस यांच्या कुत्र्यांपैकी ॲना नावाची कुत्री दीर्घकाळ जगली, तिचं चित्र तिथे लावलेलं आहे. चित्र लावलं हे मला आवडतं.

कुत्र्याचं कुत्र्यासाठी म्हणून ज्यांनी पाहिलं, त्यांत पेन्सिल्व्हेनियाचे डोनाल्ड पॅटरसन. त्यांचा मोठा निबंध 1968 चाच. जन्मजात हृदयदोष रक्तातून उतरतात, जातीजातीत वेगवेगळे असतात, आणि ही उघडी राहिलेली वाट पूडलमध्ये घराण्यात चालते, हे त्यांनी मांडलं. पामेरियनही त्याच यादीत, आणि माद्या जास्त. टिंगीला मी उगाच दुर्दैवी समजत होतो. तिच्या आईबापांची जोडी लावणाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी मला दोन वाटा सांगितल्या होत्या. फुप्फुसातलं पाणी उतरायच्या गोळ्या देत राहायचं, नाहीतर डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडून नळी बांधायची. म्हणाले, "बांधली तर म्हातारी होईल. नाहीतर अशी निम्म्याहून जास्त पिल्लं वर्षभरात जातात." मी खर्चाचं कारण पुढे केलं. खरं तर घाबरलो होतो. टेबलावर गेली तर घरी काय सांगू? गोळ्यांवर टिंगी अकरा महिने काढून गेली, भाद्रपदात, ओटीवर.

त्यानंतर काही वर्षांतच छाती न उघडता नळीत बारीक तारेची गुंडाळी सोडायला लागले. 2007 च्या सुमारास तर खास कुत्र्यांच्या मापाचं जाळीचं बूच आलं. निकेल-टायटॅनियमच्या तारेचं. मागच्या पायाच्या धमनीतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत सरकवायचं. जागेवर पोचलं की आपोआप फुलतं आणि वाट बंद. दोष दुसरा असेल, फुप्फुसाकडच्या झडपेचं तोंड अरुंद असेल, तर फुगा नेऊन रुंद करतात. ही फुग्याची युक्तीही आधी कुत्र्यावर झालेली, मग माणसाने घेतलेली. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटांचं लहान प्राण्यांसाठीचं रुग्णालय उघडलं, तेव्हा बातमी वाचून बायको एवढंच म्हणाली, "उशीरच झाला."

अजून पोरं पिल्लं घेऊन येतात. निवृत्त माणसाला फुकट विचारता येतं. जंताचं औषध सांगायच्या आधी मी पिल्लू मांडीवर घेतो आणि डाव्या कोपराच्या आत तळहात ठेवतो. पोरं विचारतात, "काका, काय बघता?" मी त्यांचाच हात तिथे ठेवतो.