नाक्यावरचा संवाद : ‘कुणाचा रे तू?’पासून ई-चलनापर्यंत



आजचा विषय कळल्यावर आयोजकांपैकी एकाने मला विचारलं, “सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने ट्रॅफिक हवालदारावर काय बोलायचं?” मी त्यांना उलट विचारलं, की सामान्य माणसाला कायदा प्रत्यक्ष भेटतो कुठे? कोर्टाची पायरी पुष्कळ जण आयुष्यात चढत नाहीत. संविधान घरात असलं तरी कपाटात असतं. कायदा आपल्याला भेटतो तो नाक्यावर. पांढरा शर्ट, खाकी पँट, शिट्टी आणि “साइडला घे.” त्या दोन-चार मिनिटांत आपण कसे वागतो, त्याला एक इतिहास आहे. तो आज सांगायचा आहे.

माझ्या लहानपणापासून सुरुवात करतो. १९६०च्या आसपास आमच्या भागात मोटार क्वचित दिसे. वाहन म्हणजे सायकल. रात्री सायकलला दिवा हवा आणि डबलसीट चालणार नाही, हे दोन नियम पोरासोरांना पाठ होते. पोलीस दिसला की उतरायचं आणि सायकल हातात धरून साळसूदपणे चालू लागायचं. चालणाऱ्याला दिवा लागत नाही! पकडलं गेलोच, तर चाकातली हवा सोडली जाई. आणि त्याआधी प्रश्न येई, “कुणाचा रे तू?”

हा प्रश्न लक्षात ठेवा. “काय केलंस?” हे नंतर. आधी “कुणाचा?” मास्तरांचा असेल तर दम देऊन सोडायचं, कुणाचाच नसेल तर हवा सोडायची. कायदा एकच होता, पण तो लावायचा कुणाला, हे नात्यावर ठरत असे.

असं का झालं? आपली पोलीस यंत्रणा १८५७ नंतर, १८६१च्या कायद्याच्या वेळी घडली. तिचं मुख्य काम राज्य टिकवणं. रयतेची सोय हा नंतरचा भाग. १९०२ साली लॉर्ड कर्झनने अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. त्या सरकारी आयोगानेच पोलीस खात्यातल्या लाचखोरीवर आणि जुलमावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे चिरीमिरी ही स्वातंत्र्यानंतरची पैदास आहे, असं जे आपण सहज म्हणतो, ते खरं नाही.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आठवणी आणखी जवळच्या आहेत. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आपली पाचबत्ती त्यांचीच आठवण आहे. १९४५च्या ऑक्टोबरात तलवाड्याला वारल्यांच्या सभेवर पोलिसांची गोळी चालली. हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलं, त्यांच्या घरात खाकी कपडा म्हणजे ‘आपला माणूस’ हे कसं रुजणार? आज डहाणू-तलासरीकडचा एखादा आदिवासी पोरगा पोलीस दिसताच बाइक कच्च्या वाटेला घालतो. आपण म्हणतो, बघा, चोर आहे. कदाचित त्याच्या खिशात लायसन नसेल. पण त्याचा पाय ब्रेकऐवजी गिअरवर का जातो, याचं उत्तर लायसनच्या पलीकडे आहे.

आता मोटारीकडे येऊ. देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४चा. मग १९३९चा. सध्याचा १९८८चा, जो १ जुलै १९८९पासून लागू झाला. याच काळात आपला भाग बदलत होता. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी वाढली. देशभरातून कामगार आले. तीन पाळ्या सुरू झाल्या आणि पाळी गाठायला दुचाक्या आल्या. तिकडे मनोर, चारोटी, तलासरीवरून अहमदाबाद हायवेचे ट्रक. नाक्यावरच्या हवालदाराला आता “कुणाचा रे तू?” विचारून उपयोग नव्हता. येणारा बिहारचा होता, ओडिशाचा होता, राजस्थानचा होता.

मग प्रश्न उलटला. पोलीस विचारीनासा झाला, तेव्हा चालकच सांगू लागला, “साहेब, मी अमक्याचा माणूस.” ज्याला कुणी अमका नव्हता, त्याने नोट काढली. १९८८च्या कायद्याचं १७७वं कलम पाहा. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याला पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड. हा आकडा कायद्यात तीस वर्षं तसाच राहिला. शंभराची पावती, नाहीतर पन्नासात तोडपाणी. हिशेब तोंडपाठ! आणि १९९६पासून नोटांच्या नव्या मालिकेवर गांधीजी आले, तेव्हा लाचेला गांधीजींचंच नाव पडलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. १९२२ साली अहमदाबादला राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा द्या असं सांगितलं. कायदा मोडणं आणि कायदा चुकवणं यांत हा फरक आहे. सत्याग्रही कायदा उघड मोडतो आणि शिक्षा अंगावर घेतो. आपण तो गुपचूप मोडतो आणि शिक्षेचा भाव करतो. त्यात विरोध नसतो, सौदा असतो. मग त्याला “व्यवस्थेविरुद्धचा राग” वगैरे मोठी नावं देऊ नयेत.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

मी नीतिशास्त्र शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी बोईसरला कारखान्यात लागला होता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. दुसरी पाळी चुकेल, हेल्मेट नाही, लायसन घरी, पोलिसांनी अडवलंय, “सर, तुमची ओळख आहे ना?” ओळख होती. मी एक फोन केला. दहा मिनिटांत पोरगा सुटला. रात्री जेवताना मी हे घरी कौतुकाने सांगितलं. दिवसभर कांट शिकवणारा मी, आणि माझी छाती कशाने फुगली, तर नियम एकासाठी वाकवता आला म्हणून.

दीड वर्षाने तो चिल्हार रस्त्याला पडला. डोक्याला मार. हेल्मेट नव्हतं. जीव वाचला, पण बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मला ओळखलं, नाव मात्र आठवेना. त्याची आई म्हणाली, “सर, तुम्ही त्याला नेहमी मदत केलीत.”

त्या दिवशी दंड झाला असता तर पुढचं टळलं असतं, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करता येत नाही. कार्यकारणभाव इतका सोपा नसतो, हे शिकवण्यातच माझी नोकरी गेली. पण हेल्मेट हा पोलिसाच्या वहीतला विषय नसून स्वतःच्या डोक्याचा आहे, हे त्याला कळण्याची एक संधी होती. ती मी फोन करून घालवली. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. तेव्हा मला तो फोन पुन्हा आठवला. रस्त्यावरचा दुभाजक कुणालाच “कुणाचा रे तू?” विचारत नाही.

आता अलीकडचा काळ, थोडक्यात. २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, दंड मोठे झाले. दारू पिऊन चालवण्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. विनापरवाना चालवण्याचा पाचशेवरून पाच हजारांवर. १ सप्टेंबर २०१९ला ही वाढ लागू झाली, पण महाराष्ट्राने ती थांबवून धरली. गुजरातने बरेच दंड कमी करून लागू केले. आपल्याकडे ते डिसेंबर २०२१मध्ये आले. म्हणजे मधली दोन वर्षं अच्छाडची सीमा ओलांडली की त्याच चुकीचा भाव बदलत होता.

दंड वाढला म्हणजे चिरीमिरी संपते, हा भ्रम आहे. दंडाबरोबर तिचाही भाव वाढतो. खरा फरक पडला तो रोख पैसा मधून निघाल्यामुळे. मुंबईत २०१६पासून ई-चलन सुरू झालं आणि पुढे राज्यभर पसरलं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजेस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला अशी अंगठी सापडते की ती फिरवली की तो अदृश्य होतो. कुणी पाहत नसताना माणूस न्यायाने वागेल का, हा तिथला प्रश्न. आपल्याकडे झालं उलटं. अंगठी कायद्याच्या बोटात गेली. पोलीस दिसत नाही, फोटो निघतो, मेसेज येतो. आणि आपण काय केलं? नंबर प्लेट वाकवली, तिच्यावर चिखल उडू दिला, फडकं अडकवलं. चलनं साठवायची आणि लोकअदालतीत सवलत मिळते का बघायचं. सायकल हातात धरून चालणारा मुलगा अजून तोच आहे.

मात्र एक तक्रार मला खरी वाटते. बारा हजार पगाराच्या कामगाराला महिनाभराने एकाच चौकातली चार चलनं एकदम कळतात. पहिल्याच दिवशी कुणी थांबवून सांगितलं असतं तर पुढची तीन झाली नसती. कॅमेरा ओळख पाहत नाही, हे उत्तम. पण तो समजही देत नाही. नाक्यावरच्या संवादातली लाच जायला हवी होती, तिच्याबरोबर संवादही गेला.

शेवटी थोडं व्यवहाराचं. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकरमधलं चालतं. कागद जप्त केला तर पोचपावती मागा. दंड मान्य नसेल तर कोर्टात बाजू मांडायचा हक्क आहे. आणि २०१८पासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच संरक्षण आहे.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन अजून येतात. “सर, अडवलंय.” मी एवढंच सांगतो, पावती घे. पैसे नसतील तर मी देतो. फोन मात्र कुणाला करणार नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.